उजळलेलं नाक

घरातल्या कुणाचा रंग उजळला आणि त्या घरावर सुतकी कळा पसरली, असं मी एकदाच पाहिलं आहे. घर आमच्याच सोसायटीतलं, दुसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंचं. रंग उजळला तो लाडूचा. लाडू म्हणजे त्यांचा पिवळा लॅब्रॅडॉर. आणि उजळलं होतं ते त्याचं फक्त नाक.

एरवी रंग उजळावा म्हणून आपल्याकडे माणसं काय करत नाहीत? पोर पोटात असताना आईला केशराचं दूध पाजतात, जन्मलं की त्याला डाळीचं पीठ आणि साय चोळतात, आणि एवढं करून ते बापाच्या वळणावर गेलंच, तर पुढे क्रीमच्या ट्यूबा आणतात. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली. २०२० साली तिच्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. ट्यूब पिळणारे हात तेच राहिले. अशा देशात एका नाकाने, कसलंही क्रीम न लावता, दिवाळी ते संक्रांत एवढ्या अवधीत डांबरी काळ्यावरून चॉकलेटी आणि चॉकलेटीवरून कोवळ्या गुलाबीपर्यंत मजल मारली. पेढे वाटायचे सोडून काकूंची अन्नावरची वासना उडाली.

"अहो, लाडूचं नाक बघा."

"काय झालं?"

"पांढरं पडलंय."

"पुसून बघ, दहीभात असेल."

पुसलं. दहीभात होता, पण त्याच्या खालीही नाक गुलाबीच निघालं.

बातमी पसरायला आमच्याकडे एक लिफ्ट पुरते. पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेल्या सभेला आमच्या सोसायटीत कधी कोरम होत नाही, पण लाडूच्या नाकासाठी पार्किंगमध्ये न बोलावता झाला. प्रत्येकाकडे निदान तयार होतं. कॅल्शियम कमी पडलं. अंडी जास्त झाली. अंडी कमी झाली. फरशीवर झोपतो. एसीत झोपतो. याला शुद्ध शाकाहारी घरात ठेवलाय त्याचं हे फळ, असं एक जण म्हणाले. त्यांच्याकडे काकूंनी अशा नजरेने पाहिलं की ते पाण्याच्या टाकीकडे वळले. गेटवर जी काळी कुत्री राहते, तिच्या नाकाची डावी बाजू कुठल्याशा जुन्या भांडणापासून गुलाबी आहे. नाकाला जखम झाली की आधी गुलाबी कातडी धरते, मग सावकाश रंग भरतो. जखम खोल असेल तर भरतही नाही. तिच्यासाठी आजवर कुणी सभा भरवलेली नाही. या सभेला मात्र ती होती, बिस्किटांमुळे.

आजींचं म्हणणं होतं, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. मग त्यांनीच दुहेरी फायद्याचा उपाय काढला: नाकालाच काजळ लावा, म्हणजे तीटही झाली आणि रंगही परत आला. काजळ लावलं. लाडूची जीभ नाकाच्या शेंड्यापर्यंत आरामात पोचते हे आजी विसरल्या होत्या. पुढच्या मिनिटाला जीभ काळी आणि नाक गुलाबी. आजींना कल्पना नसेल, पण त्यांचा हा उपाय चांगला आंतरराष्ट्रीय आहे. डॉग शोमध्ये उतरवण्याआधी कुत्र्याचं नाक पेनाने किंवा रंगाने गडद करणारे बहाद्दर निघतात. केनेल क्लबांच्या नियमांत अशी रंगरंगोटी बसत नाही. म्हणजे जगात एक स्पर्धा अशी आहे जिथे स्पर्धकाने चोरून काळं होऊ नये म्हणून नियम करावा लागला.

रात्री मुलीचा टोरांटोहून फोन आला. फोटो तिला दुपारीच गेले होते.

"बाबा, घाबरू नका. याला स्नो नोज म्हणतात."

"स्नो? कोथरूडात?"

काकांचा प्रश्न रास्त होता. पण या नाकाला बर्फ लागत नाही, फक्त नाव बर्फाचं आहे. 'विंटर नोज' असंही म्हणतात. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, सायबेरियन हस्की, बर्नीज माउंटन डॉग या मंडळींत ते नेहमी दिसतं. थंडीच्या दिवसांत नाकाचा मधला भाग फिका पडत जातो, कडा काळ्या राहतात, आणि उन्हाळ्यात रंग बहुतेक परततो. दुखत नाही, खुपत नाही, वासाला फरक पडत नाही. वासाचं सगळं काम नाकाच्या आत खोलवर चालतं. माणसाच्या आत वास टिपणाऱ्या पेशी साठएक लाख, कुत्र्याच्या आत वीस-तीस कोटी. बाहेरचा रंग गेल्याची खबर त्या कोटींपैकी एकीलाही नसते. लाडूने हे त्याच रात्री सिद्ध केलं. काकूंनी डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी कपाटात ठेवलेली गुळपोळी त्याने बरोबर शोधली.

शास्त्रीय बाजू तळमजल्यावरच्या प्राध्यापकांनी उचलली. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळालेला नव्हता. तो पार्किंगमध्ये आयता मिळाला. काळा रंग म्हणजे मेलॅनिन, ते म्हणाले, आणि मेलॅनिन तयार करायची सुरुवात टायरोसिनेज नावाचं एन्झाइम करतं. गारठ्यात कुत्र्याच्या नाकातलं हे एन्झाइम मंदावत असावं, असा एक अंदाज आहे. मग ते रंगात आले. सयामी मांजर पाहिलंय ना? कान, पंजे, शेपूट आणि तोंड काळपट, बाकी अंग सायीच्या रंगाचं. तिच्यातलं टायरोसिनेज जन्मतःच बिघडलेलं असतं, उबेत ते कामच करत नाही. म्हणून अंगाचे जेवढे भाग गार, तेवढेच काळे. हिमालयन म्हणतात त्या सशाचंही तेच. त्याच्या पाठीवरचे पांढरे केस काढून तिथे बर्फाची पिशवी बांधली, तर नवे केस काळे उगवले.

"सशाला बर्फ बांधणारी माणसं शिकलेली होती का?" आजींनी विचारलं.

काकूंची शंका जास्त मुद्द्याची होती. "म्हणजे मांजर गारठ्यात काळं होतं आणि कुत्रं गारठ्यात गोरं?"

"ढोबळमानाने, हो."

"मग त्यांचं पटत नाही यात नवल काय!"

प्राध्यापक प्रामाणिक गृहस्थ. सयामी मांजराचं प्रकरण पक्कं आहे, कुत्र्याच्या नाकाचं मात्र अजून अंदाजावर चाललंय, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. जिथे थंडी नावालाच पडते अशा गावांतही लॅब्रॅडॉरची नाकं फिकी होतात. काहींची दर वर्षी फिकी होऊन परत काळी होतात, तर काहींची वयाबरोबर एकदा फिकी झाली की तशीच राहतात. एवढं ऐकून काकांनी हीटर आणायचा बेत रद्द केला आणि वीजबिल वाचल्याच्या आनंदात पहिल्यांदा हसले.

सोसायटीत एक त्वचारोगतज्ज्ञ ताई राहतात. माणसांच्या. पण त्यांनी लाडूच्या नाकाआधी त्याचं भांडं पाहायला मागितलं. भांडं लाल प्लॅस्टिकचं, खाली रबराची कड लावलेलं, ऑनलाइन मागवलेलं. "हे आधी बाजूला ठेवा," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी जी हकीकत सांगितली ती ऐकून सभा पहिल्यांदाच गप्प झाली.

अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांचा रंग उडायला लागला. बरोबर हातमोज्यांच्या मापाने. हातमोजे रबराचे, आणि रबर टिकावं म्हणून त्यात हायड्रोक्विनोनच्या कुळातलं एक रसायन घातलेलं. १९३९ साली हे प्रकरण वैद्यकीय जगात प्रसिद्ध झालं. त्या रसायनाचीच चुलत भावंडं रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या काही भांड्यांत असू शकतात, आणि रोज त्यात तोंड घालणाऱ्या कुत्र्याचं नाक नि ओठ पांढरे पडू शकतात. खुद्द हायड्रोक्विनोन कुठे असतं? डाग घालवायच्या, रंग उजळवायच्या क्रीममध्ये. त्याचं काम एकच: टायरोसिनेजला आवर घालणं. म्हणजे ज्या एन्झाइमला गप्प बसवण्यासाठी माणसं महिन्याच्या किराण्यात वेगळे पैसे काढतात, ते लाडूच्या नाकात आपण होऊन गप्प बसलं होतं आणि त्याला बोलतं करण्यासाठी काका पैसे काढायला तयार होते.

"आणि टिकलीचंही तेच," ताई पुढे म्हणाल्या. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, बरोबर टिकलीएवढा. रबरी चपलेच्या पट्ट्यांनी पावलावर पडतो, बरोबर पट्ट्यांच्या आकाराचा. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे डाग चांगले ओळखीचे आहेत.

आजी या क्षणाची कित्येक वर्षं वाट पाहत असाव्यात. "मी म्हणत होते ना, कुंकू लावत जा!" त्या सुनेकडे पाहून म्हणाल्या. विषय कुत्र्याच्या नाकावरून निघून सुनेच्या कपाळावर कसा आला हे लाडूला कळलं नाही. मला कळलं, पण मी पाण्याच्या टाकीकडे पाहत राहिलो.

भांडं बदललं. काकांचं चहाचं जुनं जर्मनचं पातेलं लाडूला मिळालं आणि काकांना नवं स्टीलचं. पण लाडूचे ओठ आधीपासून काळेभोर होते, तेव्हा भांड्यावरचा आळ टिकण्याजोगा नव्हता. त्याची निर्दोष मुक्तता झाली; सेवेत परत मात्र घेतलं नाही. त्यात काकूंनी कोरफड लावली.

इतकं सगळं झाल्यावर एकाला सुचलं की जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं.

डॉक्टरांनी लाडूच्या नाकावरून बोट फिरवलं.

"खातो का?"

"खातो."

"काय खातो?"

"दिसेल ते."

"मग याला काय धाड भरलीय?"

तपासणी याहून फार लांबली नाही, पण बोट फिरवलं ते उगीच नव्हतं. कुत्र्याच्या नाकाची कातडी सीताफळाच्या सालीसारखी असते, फक्त उंचवटे फार बारीक. रंग गेला आणि उंचवटे जागच्या जागी असले तर घाबरायचं कारण बहुधा नसतं. पण रंगाबरोबर उंचवटेही जाऊन नाक गुळगुळीत झालं, खपल्या धरल्या, चिरा पडल्या, रक्त आलं, तर दुखणं खरं. मग ल्युपस असू शकतो, ज्यात शरीराची संरक्षक फौज आपल्याच कातडीवर तुटून पडते. जर्मन शेफर्ड आणि कॉलीत तो जास्त आढळतो आणि उन्हाने चिघळतो. रॉटवायलर, डॉबरमनमध्ये माणसासारखं कोड येतं, नाकाबरोबर तोंडावरचे केसही पांढरे होतात; त्याने कुत्र्याचं काही बिघडत नाही. अकिता जातीत मात्र नाकाचा रंग जाण्याबरोबर डोळे लाल झाले तर एक दिवसही थांबू नये, दृष्टी जाऊ शकते. लाडूचे डोळे फक्त डॉक्टरांच्या टेबलावरच्या बिस्किटाच्या डब्यावर खिळले होते. डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितलं: गुलाबी नाक उन्हाने भाजतं, तेव्हा भर दुपारी फिरवू नका, आणि झिंकचं मलम फासू नका, चाटून पोटात गेलं तर ते विषारी ठरतं.

"बाकी याची ओळख शाबूत आहे," ते म्हणाले. त्या उंचवट्यांची नक्षी प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते. कॅनडाच्या केनेल क्लबने तर १९३८ पासून नाकाचा ठसा ओळखीसाठी ग्राह्य धरलाय. हे ऐकल्यावर काकांनी घरी येऊन स्टँप पॅड काढलं. ठसा कागदावर उमटला नाही. सोफ्यावर, उशीवर आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर स्वच्छ उमटला.

आता वाटेल की प्रकरण मिटलं. पण काकांच्या मनातली खरी काळजी दुखण्याची नव्हतीच. लाडू तीन वर्षांचा झाला होता आणि काका त्याच्यासाठी स्थळ बघत होते.

हा बाजार एकदा आतून पाहावा. वंशावळ लागते, केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद लागतात, समोरून उभा, बाजूने उभा आणि चेहऱ्याचा जवळून असे फोटो लागतात. 'स्वभाव शांत' लिहावं लागतं. आणि रंगाचा प्रश्न इथेही पहिल्या पाचांत येतो, फक्त उलटा: नाक काळं आहे ना? अमेरिकन केनेल क्लबने लॅब्रॅडॉरचं जे लक्षणपत्र ठरवलंय, त्यात म्हटलंय की पिवळ्या लॅबचं नाक काळं असावं. फिकं पडत गेलेलं चालेल. पूर्ण गुलाबी, रंगाचा मागमूस नसलेलं असेल तर बाद. त्याच क्लबच्या हस्कीच्या लक्षणपत्रात मात्र गुलाबी पट्ट्याचं स्नो नोज खुशाल मान्य आहे. आणि आमच्या तमिळनाडूचा राजपालयम बघा. दुधाळ पांढरं अंग, सोनेरी डोळे आणि गुलाबी नाक, हेच त्याचं खानदानी लक्षण. तिथे काळ्या नाकाचं पिल्लू निघालं तर घरच्यांची तोंडं उतरतात. या राजपालयमचं २००५ साली टपाल तिकीट निघालं. लाडूचं नाक कोथरूडऐवजी राजपालयमला उजळलं असतं, तर आजींनी पुरणपोळ्या केल्या असत्या. एकाच गुलाबी नाकाला एका दारात नकार, दुसऱ्यात होकार आणि तिसऱ्यात टपाल तिकीट. वधूवर मंडळांवर आपण उगाच खार खातो.

यात इंग्लंडातलं एक गाव विनाकारण बदनाम झालंय. काही पिवळ्या लॅबना जन्मापासून काळा रंग तयारच करता येत नाही. त्यांचं नाक तपकिरी किंवा मांसल रंगाचं आणि डोळ्यांच्या कडाही तशाच. अशा नाकाला 'डडली नोज' म्हणतात. बर्मिंगहॅमजवळच्या डडली गावच्या बुलडॉगांवरून हे नाव पडलं असं सांगतात. पुण्याच्या नावावर पगडी लागली, कोल्हापूरच्या चप्पल, सोलापूरच्या चादर. डडलीकरांच्या वाट्याला नाक आलं.

पाहुणे औंधहून आले, मॅगीला घेऊन. मॅगी पिवळी, नाक काळंकुळकुळीत. वधूपित्याने बूट काढायच्या आधी लाडूकडे पाहिलं आणि काकांकडे पाहिलं.

"फोटोत काळं होतं."

"मे महिन्यातला आहे तो."

"हे डडली तर नव्हे?"

"छे छे, हंगामी आहे! डोळ्यांच्या कडा बघा, ओठ बघा!" काकांनी लाडूचे ओठ वर करून दाखवले. पार्किंगमध्ये महिनाभर मिळवलेलं सगळं ज्ञान त्यांनी चहा येईपर्यंत संपवलं. टायरोसिनेज झालं, सयामी मांजर झालं, टोरांटो झालं. पाहुण्यांनी नाकाला बोट लावून पाहिलं, बोटाला रंग लागला नाही म्हणून जरा बरं वाटलं, मग लक्षात आलं की रंग लागला असता तर तो काळा लागला असता, आणि पुन्हा वाईट वाटलं.

या वेळात नवरानवरीचं पाहणं गॅलरीत परस्पर उरकत होतं. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्यांना कळतो. तांबडा, गुलाबी त्यांच्या जगात मातकट-करडा होऊन जातो. तेव्हा ज्या गुलाबीपणापायी ही सगळी धावपळ चालली होती, तो मॅगीला दिसणं शक्यच नव्हतं. तसं तिने नाकाकडे पाहिलंही नाही. त्यांच्यात बघण्याची सुरुवात दुसऱ्या टोकापासून होते, आणि त्या टोकाची माहिती दोघांनाही समाधानकारक वाटली असावी, कारण पाच मिनिटांत त्यांनी मिळून काकूंची कोरफड उपटली.

बोलणी पुढे सरकली. रिवाजाप्रमाणे वरपक्षाला एक पिल्लू, पसंतीचं. तारीख मॅगीच्या प्रकृतीच्या सोयीने. पाहुण्यांनी वही काढली होती. उठता उठता त्यांनी शेवटची शंका विचारली.

"पिल्लांची नाकं कशी होतील?"

"गुलाबी," काका म्हणाले.

पाहुण्यांचं पेन थांबलं.

"पिवळ्या लॅबची सगळ्यांचीच जन्मतात तेव्हा गुलाबी असतात हो! दोनचार आठवड्यांत काळी व्हायला लागतात."

"मग तुम्ही पिल्लू कधी निवडणार?"

"काळी झाल्यावर," काकू आतून म्हणाल्या.